पावडर ब्लू सर्जनमासा कुठे एकटा, तर कुठे थव्याने का दिसतो?

सागरवेध: हिंदी महासागरातील पावडर ब्लू सर्जनमाशाच्या (निळे अंग, काळा चेहरा, पांढरा गळा, पिवळा पृष्ठपर) चित्रफिती पाहताना एक गोष्ट उलगडत नाही. काही ठिकाणी तो एकटाच खडकाभोवती फिरत इतरांना हुसकावून लावतो, तर मालदीवमध्ये त्याचे मोठमोठे थवे एकत्र चरताना दिसतात. हा फरक अधिवासामुळे पडतो का?

प्रवाळमित्र: माझ्या मते याचे मूळ शैवालात आहे. हा मासा प्रवाळभित्तीच्या उथळ पठारावर आणि समुद्राकडील उताराच्या वरच्या भागात, साधारण २५ मीटर खोलीपर्यंत राहतो. तेथील स्वच्छ पाण्यात भरपूर ऊन पोचते आणि त्यावर खडकांवर वाढणारे आखूड शैवाल हेच त्याचे मुख्य अन्न असते. शैवालाचा तुकडा एकट्याने राखता येण्याजोगा असेल, तर तो राखणे फायद्याचे ठरते. मात्र चांगली कुरणे बऱ्याचदा पट्टेरी सर्जनमासे किंवा छोटे डॅमसेल मासे अडवून बसलेले असतात आणि ते एकट्यादुकट्याला टिकू देत नाहीत. थवाच उतरला, की राखणदार एकाच्या मागे धावेपर्यंत बाकीचे चरून घेतात.

खारेवारे: यात शस्त्राचाही भाग आहे. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो, पण माशाने शेपूट वळवली की बाहेर येतो. भांडणात मासा प्रतिस्पर्ध्याला समांतर येऊन शेपटीचा फटकारा मारतो, म्हणून पुष्कळदा नुसत्या पवित्र्यानेच समोरचा माघार घेतो.

सागरवेध: मनापासून आभार. मग २०१६ च्या विरंजनानंतर (समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्यानंतर) मेलेल्या प्रवाळांवर शैवाल वाढले, ते या माशाच्या पथ्यावरच पडले म्हणायचे का?

प्रवाळमित्र: चाऱ्यापुरते पाहिले तर काही काळ तसे वाटू शकते, परंतु अधिवास म्हणजे केवळ चारा नव्हे. दिवसभर चरणारा हा मासा रात्री प्रवाळांच्या कपारींत आसरा घेतो, आणि मेलेले फांदीदार प्रवाळ लाटांनी झिजून कोसळले, की त्या कपारीही जातात. उलट, असे शाकाहारी मासे शैवाल खुरटे ठेवतात, त्यामुळे प्रवाळांच्या नव्या अळ्यांना खडकावर बसायला जागा मिळते. म्हणून विरंजनानंतरच्या वर्षांत या माशांची पकड रोखणे मला फार निकडीचे वाटते.