कंपनीने घर खाली करायची केस टाकलीये, वकील न लावता स्वतः उभी राहू का? (ठाणे)

मानपाड्याची:
नमस्कार, घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका टॉवरमध्ये राहते, मी, आई आणि सातवीतला मुलगा. फ्लॅट कुणा माणसाचा नाही, एका कंपनीच्या नावावर आहे, त्यांचे याच बिल्डिंगमध्ये बरेच फ्लॅट आहेत आणि सगळे भाड्यानेच दिलेत. माझा 22 महिन्यांचा रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स होता, करार माझ्याच नावावर, भाडं 26 हजार, डिपॉझिट दीड लाख. संपायच्या आधी त्यांच्या माणसाला विचारलं तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, मॅडम रिन्यूअल होऊन जाईल टेन्शन घेऊ नका भाडं भरत राहा. मी भरत राहिले, तीन महिने त्यांनी बँकेत घेतलं पण, आणि मग अचानक ईमेल की तुम्ही अनधिकृत राहताय, जागा सोडा, आणि भाडं घेणं बंद. ट्रान्सफर केलं की परत येतं. करार संपून आता पाच महिने झाले आणि परवा रजिस्टर पोस्टाने समन्स आलंय, आईने सही करून घेतलं. वर सक्षम प्राधिकारी भाडे नियंत्रण कायदा असं काहीतरी आहे आणि आत ताबा द्या आणि दुप्पट भाडं द्या असं मागितलंय.

स्टेशनजवळच्या एका वकिलांना भेटले, ते 60 हजार म्हणाले, त्यात तारखांचे वेगळे. आई म्हणते त्यापेक्षा दोन महिन्यांचं भाडं निघेल. मी ऑफिसात अकाउंट्स बघते, कागद वाचता येतात, बोलायला घाबरत नाही. स्वतः उभी राहिले तर चालतं का? आणि समन्सवर जी तारीख आहे त्या दिवशी जाऊन सगळं तोंडी सांगितलं तर पुरेल ना?

कळवा_लोकल:
अजिबात घाबरू नका. आपल्याकडे भाडेकरूला काढणं एवढं सोपं नाही, वर्षानुवर्षं चालतात केसेस, आमच्या आत्याची वीस वर्षं चालली. आणि मालक कंपनी आहे म्हणजे तिथे भाडे नियंत्रण कायदा लागतच नाही, तो मुद्दा पहिल्याच तारखेला काढा, केस तिथेच उडेल.

जुनी_फाईल:
कळवावाले, राग मानू नका पण दोन्ही गोष्टी उलट्या सांगितल्यात आणि ताई त्यावर विसंबल्या तर घर गमावून बसतील.

पहिलं कंपनीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 3 मध्ये सूट आहे खरी, पण ती भाडेकरू कंपनी असेल तेव्हाची. म्हणजे बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या किंवा 1 कोटी आणि त्याच्या वर भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या स्वतः भाड्याने जागा घेतात त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. मालक कंपनी आहे म्हणून साध्या माणसाचा कायदा सुटत नाही. हा गोंधळ खूप जण करतात, काही इस्टेट एजंट तर छातीठोक सांगतात.

दुसरं, आत्याची केस भाडेकरूची असणार, पागडी वगैरे. ताईंचा करार लिव्ह अँड लायसन्स आहे, त्यांना कलम 24 लागतं आणि ती केस दिवाणी कोर्टात जातच नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) जाते, तिथे पद्धत वेगळी आणि झटपट आहे.

आता ताई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तारखेची वाट बघू नका!! कलम 43 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत तुम्हाला प्रतिज्ञापत्र दाखल करून केस लढवायची परवानगी मागावी लागते, लीव्ह टू कंटेस्ट म्हणतात. ते नाही केलं तर कंपनीने अर्जात जे लिहिलंय ते तुम्ही कबूल केलं असं धरतात आणि बेदखलीचा हुकूम निघतो. तारखेला जाऊन तोंडी कितीही छान बोललात तरी उपयोग नाही. आईने सही केली तो दिवस धरा, पोस्टाचं पाकीट फेकू नका. आणि कुणी सांगेल की समन्स घेतलंच नसतं तर बरं झालं असतं, तसं नसतं, घ्यायला नकार दिला असा शेरा येऊन परत गेलं तरी बजावणी झाली असं धरता येतं.

स्वतः उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही, पक्षकार स्वतः बाजू मांडू शकतो. (हायकोर्टात मात्र आधी तिथल्या समितीपुढे जावं लागतं, पण तो विषय आत्ता नाही.)

आता कडू भाग. कलम 24 मध्ये स्पष्ट लिहिलंय की लेखी लायसन्सच्या करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणजे करारात मुदत अमुक तारखेला संपते लिहिलं असेल तर संपली. त्यांच्या माणसाचं टेन्शन घेऊ नका हे नवा करार होत नाही, आणि तीन महिने भाडं घेतलं म्हणून सहसा नवा करार झाला असंही धरत नाहीत. परवानगी मिळायला तुमच्या प्रतिज्ञापत्रातून असं काही दिसावं लागतं की ज्यामुळे कंपनीला ताबा मिळूच नये. तसं तुमच्याकडे मला तरी दिसत नाही. खोटं काही रचू नका.

मग लढायचं कशासाठी? मुदतीसाठी आणि आकड्यासाठी. या दोन्हीत स्वतः उभं राहून बरंच हाती लागतं.

नौपाडा_पागडी:
जुनी फाईल बरोबर बोलताहेत. मी त्या दुसऱ्या प्रकारातला, पागडीवाला, नौपाड्यात जुनी बिल्डिंग, आजोबांपासून भाडेकरू, मूळ मालकाच्या मुलांनी सगळी बिल्डिंग एका कंपनीला विकली आणि कंपनीने आल्या आल्या सगळ्यांना नोटिसा लावल्या. आमचं ठाण्याच्या दिवाणी कोर्टात चाललंय. आम्हाला भाड्याच्या थकबाकीसाठी काढायचं तर आधी 90 दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि दावा लागल्यावरही समन्सपासून 90 दिवसांत सगळी थकबाकी, 15 टक्के साधं व्याज आणि खर्च भरला तर त्या कारणावर काढता येत नाही, कलम 15. कंपनी भाडं घेईना म्हणून मी मनीऑर्डर करत गेलो आणि परत आलेल्या सगळ्या पावत्या फाईलला लावल्या. आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी भाडं घेत नाहीत तर नाही म्हणून पैसे भरणंच सोडलं, त्यांना आता घाम फुटलाय.

हे एवढ्यासाठी लिहिलं की इथे कुणी माझं वाचून तुम्हाला 90 दिवस आहेत असं सांगेल. ते माझे. तुमचे 30.

मानपाड्याची:
बापरे. तारखेला जाऊन बोलायचं एवढंच डोक्यात होतं. जुनी फाईल सर, खूप आभार. मुलाची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, तोपर्यंत तरी शाळेजवळ राहायचंय, नंतर मी तशीही कळव्याला भावाच्या जवळ बघणारच होते. आकड्याचं म्हणालात ते कळलं नाही, दुप्पट म्हणजे सगळं दुप्पट का? मी भरलेलं पण? आणि व्हॉट्सॲप दाखवायचं की नाही मग? शिवाय त्यांचा माणूस काल सोसायटीच्या लॉबीत म्हणाला की आम्ही लॉक लावू शकतो, सिक्युरिटीला सांगून ठेवलंय.

जुनी_फाईल:
अकाउंट्सवाल्या आहात म्हणजे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. मुदत संपल्यावर ताबा न देता राहिलं तर करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई, हे कलम 24 मध्येच आहे. म्हणजे महिना 52 हजार. पाच महिन्यांचे 2 लाख 60 हजार. तुम्ही 78 हजार भरलेत आणि त्यांनी ठेवून घेतलेत, ते वजा केले की 1 लाख 82 हजार. डिपॉझिट दीड लाख त्यांच्याकडेच आहे, ते वळतं केलं तर राहतात 32 हजार. आता अर्ज उघडून बघा, त्यांनी 78 हजार वजा दाखवलेत का आणि डिपॉझिटचा उल्लेख तरी केलाय का. मोठ्या कंपन्यांचे अर्ज एकच साचा काढून सगळ्या भाडेकरूंना लावलेले असतात, नाव नि फ्लॅट नंबर बदलतात, हिशोब कुणी बघत नाही. एकदा मी बघितलेल्या अर्जात मजला सुद्धा दुसऱ्याचाच होता.

म्हणून प्रतिज्ञापत्रात ताबा देणारच नाही असं ताठ लिहू नका. मुदत संपली ते मान्य, पण त्यांनीच भाडं भरत राहायला सांगितलं, भरलं ते घेतलं, नंतरचं परत पाठवलं, मी द्यायला तयार होते, हे तारखांसकट लिहा, बँक स्टेटमेंट लावा, परत आलेल्या ट्रान्सफरच्या नोंदी लावा. व्हॉट्सॲप जरूर लावा. नवा करार झाला म्हणून नव्हे, तुम्ही दादागिरीने बसला नव्हता हे दिसावं म्हणून, मुदत मागताना ते उपयोगी पडतं. नुसते स्क्रीनशॉट नकोत, त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आधी जे 65 ब म्हणायचे ते. आणि ज्या फोनमध्ये मूळ चॅट आहे तो फोन बदलू नका, फॉरमॅट तर मुळीच नको.

मग त्यांच्या वकिलांशी कन्सेंट टर्म्सचं, म्हणजे दोघांच्या संमतीने लेखी समेटाचं, बोला. परीक्षेपर्यंत राहू द्या, तोवर दरमहा 26 हजारच घ्या, दुप्पट सोडा, डिपॉझिटचा हिशोब असा. कंपनीला ताबा हवा असतो, रिकामा फ्लॅट पुढच्या माणसाला वाढीव भाड्याने द्यायचा असतो, तुमच्या 32 हजारांत त्यांना फार रस नसतो. पण लक्षात ठेवा, समेट होईपर्यंत दर महिन्याला 52 हजारांचा मीटर चालू आहे, हुकूम तुमच्या विरुद्ध गेला तर तेवढं लागेल. त्यामुळे नुसतं लांबवण्यात तुमचाच तोटा. हुकूमाविरुद्ध अपील नाही, फक्त रिव्हिजन (वरच्या अधिकाऱ्याकडून हुकूमाची फेरतपासणी), 90 दिवसांत, ते बेलापूरला कोकण भवनात.

त्यांचा अर्ज ज्याने सही केलाय त्याच्याकडे कंपनीचा ठराव किंवा अधिकारपत्र आहे का तेही बघा. नसेल तर मागा. त्यावर केस जिंकत नाहीत, नंतरही ठराव आणून ते दुरुस्त करता येतं, पण समोरच्याला कळतं की ही बाई कागद वाचते.

लॉकचं म्हणाल तर सरळ सांगायचं, हुकूम दाखवा. केस टाकलीये म्हणजे त्यांनाही माहितीये की हुकुमाशिवाय काढता येत नाही. तो लॉबीत जे बोलला ते आजच कंपनीला ईमेल करून ठेवा, तारीख वेळ टाकून. खरंच लॉक लावायला आले तर 112.

ऐरोली_सेक्टर_8:
ताई एक गोष्ट कुणीच नाही बोललं. तुम्हाला वकील फुकट मिळू शकतो! विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12, त्यात महिलांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करता, पगार किती, काही फरक पडत नाही. ठाण्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर 15100 ला फोन करा. आधार, समन्स आणि अर्जाची झेरॉक्स घेऊन जा. माझ्या नणंदेला मिळाला, पॅनलवरचे वकील तरुण होते पण तिची फाईल वाचून आले होते, फी घेणाऱ्याने एवढं केलं नव्हतं. स्वतः बोलायचं तर बोला पण निदान ते प्रतिज्ञापत्र त्यांच्याकडून तपासून घ्या.

कळवा_लोकल:
मला खरंच माहीत नव्हतं, आत्याच्या केसवरून बोललो. ताई तुम्ही ऐरोलीवाल्यांचं ऐका.

मानपाड्याची:
अपडेट. विधी सेवा प्राधिकरणात गेले, वकील मॅडम मिळाल्या, प्रतिज्ञापत्र मी लिहिलेलं त्यांनी निम्मं कापलं (कंपनीला मी जे जे सुनावलं होतं ते सगळं गेलं 😅) आणि मुदतीच्या आत दाखल झालं, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतली. बाहेरचा टायपिंगवाला 500 चा स्टॅम्प आणा म्हणत होता, मॅडम म्हणाल्या कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. अर्जात 78 हजार खरंच वजा नव्हते आणि डिपॉझिटचं तर नावच नव्हतं. मी हिशोबाचा एक पानी तक्ता करून नेला होता, त्यांच्या वकिलांनी दोनदा वाचला आणि म्हणाले मॅनेजमेंटला विचारतो. एप्रिलअखेर ताबा, तोवर 26 हजार, असं लेखी दिलंय. बघू. बोलले मात्र मीच, मॅडम शेजारी उभ्या होत्या.

समजा झालं मान्य, तर जाताना काय काळजी घ्यायची? डिपॉझिटमधून रंगाचे, साफसफाईचे म्हणून पैसे कापतात असं शेजारच्या विंगमधले सांगत होते.

जुनी_फाईल:
वा, हे छान केलंत. डिपॉझिटमधून काय कापायचं आणि काय नाही ते कन्सेंट टर्म्समध्येच आकड्यात लिहून घ्या, नंतर भांडायला जागा ठेवू नका. ताबा द्यायच्या दिवशी चावी वॉचमनकडे ठेवून जायचं नाही, त्यांचा अधिकृत माणूस बोलवा, सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, विजेच्या मीटरचं आणि पाईप गॅसचं रीडिंग लिहा, किती चाव्या दिल्या ते लिहा, आणि ताबा पावतीवर त्याची सही, नाव, हुद्दा घ्या. आणि पुढच्या तारखेला तो समेट रोजनाम्यात (केसच्या तारखांची नोंदवही) आलाय का ते स्वतः वाचून मगच निघा.