मदत हवी आहे: शाळेसाठी कॅमेरे आणि संगणककक्ष, सीएसआर प्रस्ताव

मीना_परळ: एक कंपनी आमच्या शाळेला सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, कॅमेरे आणि संगणककक्ष द्यायला तयार आहे. शुक्रवारपर्यंत प्रस्ताव द्यायचाय. यादीत यूडायस (शाळेचा सरकारी क्रमांक), १२ए, ८०जी, सीएसआर-१ आणि फॉर्म बी मागितलंय. यूडायस आहे, बाकीचं कुठून आणायचं? नमुना अर्ज असेल तर टाका. फार घाई आहे.

सीए_काका: शाळा महापालिकेची की खाजगी संस्थेची? अनुदानित का?

मीना_परळ: खाजगी, अनुदानित. त्याने काय फरक पडतो?

सीए_काका: ताई, पडतो. अर्ज शाळेच्या नव्हे, संस्थेच्या नावाने जातो. सीएसआर-१ हा कंपनी व्यवहार मंत्रालयाचा ऑनलाइन नोंदणी फॉर्म. कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१पासून तो बंधनकारक आहे. त्यासाठी १२ए, ८०जी ही आयकर खात्याची नोंदणी आणि सीएची, कंपनी सेक्रेटरीची किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. नसेल तर कंपनीला विचारा, त्यांची नेहमीची नोंदणीकृत संस्था मध्ये घेता येईल का. आणि संगणक कोणाच्या मालकीचे राहणार हे प्रस्तावात लिहा. कंपनीला ते स्वतःच्या नावावर ठेवता येत नाहीत.

तारवाला: आयपी म्हणजे नेटवर्कवर चालणारे कॅमेरेच घ्या, पीओई प्रकारचे. एका लॅन केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं. एनव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात, सोबत यूपीएस. तीन वर्षांची देखभाल कोटेशनमध्येच मागा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात अर्धे बंद.

प्रज्ञा_मुलुंड: कॅमेऱ्यावर सगळं संपवू नका. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या शासननिर्णयात तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) हेही आहे. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त जोडा.

तारवाला: इतिवृत्ताने काय होतं? चित्रण असलं की पुरावा असतो.

प्रज्ञा_मुलुंड: पुरावा घटना घडून गेल्यावर कामाला येतो. मूल घाबरून गप्प बसलं तर त्याचं कोण ऐकणार, हे कॅमेरा ठरवत नाही.

नवीनपालक: आरटीईच्या २५ टक्के प्रवेशाला आर्थिक दुर्बल गटासाठी एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसीलदारांचा चालतो.

मीना_परळ: मी प्रवेशाचं विचारलेलं नाही.

गिरगावचे_आजोबा: मराठी शाळांचा पट घसरतोय आणि तुम्ही कॅमेरे मोजताय! आधी घरोघरी जाऊन मुलं आणा.

मीना_परळ: आजोबा, जातो आम्ही. पालक पहिलं विचारतात ते संगणक आहेत का आणि मुलगी सुरक्षित राहील का. म्हणून तर हा खटाटोप. फॉर्म बीचं कुणी सांगेल का?

अग्निसुरक्षा_दादर: २००६च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याखालचा तो फॉर्म. आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सी लिहून देते, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये. इमारत स्वतःची का?

मीना_परळ: नाही, भाड्याची. खाली दुकानं आहेत.

अग्निसुरक्षा_दादर: हे आधी सांगायला हवं होतं. जबाबदारी मालकावरही येते आणि जागा वापरणाऱ्यावरही. आजच मालकाकडे जा, फॉर्म भरलेला असला तर प्रत मिळेल. नसला तर एजन्सी आधी यंत्रणा तपासणार, मग सही देणार. भिंतीला ड्रिल मारायचं म्हणजे कॅमेऱ्यांसाठीही मालकाचं लेखी ना-हरकत पत्र घ्या.

मीना_परळ: निघाले. सचिव म्हणतात १२ए, ८०जी दोन्ही आहेत, फक्त सीएसआर-१ नाही. काका, शुक्रवारपर्यंत होईल?

सीए_काका: डिजिटल सही कोणत्या विश्वस्तांची आहे आणि तिची मुदत संपलेली नाही ना, ते विचारून सांगा.