विषय: मिशिगनमधलं भाड्याचं घर – दुरुस्तीसाठी महिन्याला किती बाजूला ठेवावं?

नमस्कार मंडळी,
नॉव्हीतलं आमचं राहतं घर मार्चपासून भाड्याने देतोय. भाडं २,४०० डॉलर. छप्पर १५ वर्षांचं, फर्नेस-एसी १० वर्षांचे, वॉटर हीटर ८ वर्षांचा. तळघरात संप पंप (खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) आहे. दुरुस्तीसाठी भाड्याचे १० टक्के बाजूला टाकायचे म्हणतात. तेवढे पुरतील का?
– अ. कु.

ताई,
नाही पुरणार. १० टक्क्यांचा आडाखा घराचं वय बघतच नाही. प्रत्येक मोठ्या खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागा, एकूण आयुष्याने नको. छप्पर अजून ७ वर्षं टिकेल नि नवं १४,००० ला पडेल असं धरलं, तर वर्षाला २,०००. फर्नेस-एसी १२,००० भागिले ५, म्हणजे २,४००. हीटर १,८०० भागिले २, म्हणजे ९००. बेरीज ५,३००, महिन्याला साधारण ४४० डॉलर. तुमचे १० टक्के होतात २४०. शिवाय रंग, कार्पेट, नळगळती यात नाहीच. आकडे स्थानिक कोटेशनप्रमाणे बदला, रीत हीच ठेवा. नवी वस्तू बसली की तिचा हप्ता एकदम खाली येतो.

याहून जास्त चटका मालमत्ता कराचा बसतो. घर भाड्याने गेलं की प्रिन्सिपल रेसिडेन्स एक्झेम्प्शन (स्वतः राहता त्या घराची सवलत) जातं, म्हणजे शाळांच्या करातली १८ मिलपर्यंतची सूट संपते. मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या हजार डॉलरमागे एक डॉलर. करपात्र मूल्य १,२०,००० असेल, तर वर्षाला २,१६० डॉलरपर्यंत वाढ. भाडं ठरवण्याआधीच हे धरायला हवं होतं. करार झाला नसेल तर अजून वेळ आहे. घर सोडल्यापासून ९० दिवसांत फॉर्म २६०२ भरून कळवा, नाहीतर मागचा कर व्याजासकट भरावा लागतो.
– मि. जो., कॅन्टन

नमस्कार,
संप पंपाकडे भाडेकरू ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून ते काम आपलं. ऑक्टोबरात आणि बर्फ वितळायच्या आधी खड्ड्यात ५ गॅलन पाणी हळूहळू ओता. फ्लोट (पंप चालू-बंद करणारा तरंगता गोळा) वर यायला हवा, पंपाने पाणी उपसून आपोआप थांबायला हवं. फ्लोट वायरीत किंवा खड्ड्याच्या कडेला अडकतो, बहुतेक घोटाळे तिथेच होतात. पंप थांबल्यावर पाणी धबाधबा परत आलं, तर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, गेला. मोटर घरघरते पण पाणी चढत नाही, तर आत हवा अडकलीय: पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपाला साधारण ३ मिलिमीटरचं भोक असावं लागतं. ते बुजलं असेल तर मोकळं करा, नसेलच तर तिरकं पाडा, म्हणजे धार खड्ड्यातच पडेल. थंडीत बाहेरच्या पाइपाचं तोंड गोठलं की मोटर जळते, तेही बघा.

मग मुख्य पंपाचा प्लग काढून तीच चाचणी बॅटरीवरच्या पंपाची घ्या. वादळात वीज जाते तेव्हाच खड्डा भरतो. पाण्याची बॅटरी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि ३ ते ५ वर्षांत ती बदला.

विमाही लँडलॉर्ड पॉलिसीत बदलून घ्या आणि वॉटर बॅकअपचं कलम वेगळं मागा. संप ओसंडून झालेलं नुकसान मूळ पॉलिसीत सहसा येत नाही.
– सु. दे., ट्रॉय

सुताई, जोशीदादा, मनापासून आभार. हीटर आत्ताच बदलून टाकू का?
– अ. कु.

ताई, हीटर गळत नसेल तर थोडं थांबा. घर भाड्याने द्यायला तयार होऊन जाहिरात लागली, की मग बदला. तेव्हा मजुरीसकट बिल २,५०० डॉलरच्या आत असेल, तर डी मिनिमिस सेफ हार्बर या छोट्या खर्चांच्या करनियमाखाली पूर्ण खर्च त्याच वर्षी भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. त्यासाठी त्या वर्षीच्या रिटर्नला निवेदन जोडावं लागतं. आधी बदललात तर तो खर्च घराच्या मूळ किमतीत मिळतो. नवं छप्पर मात्र २७.५ वर्षांत थोडं थोडं वजा करायचं. चार शिंगल्स (छपरावरच्या पट्ट्या) बदलल्या तर ती दुरुस्ती, त्याच वर्षी वजा. छप्परवाल्याकडून दोन्हींची बिलं वेगळी घ्या.
– मि. जो.