घरी पाहुण्यांना जेवायला घालतो, म्हणजे आम्ही कायद्याने हॉटेल झालो का?

माडाखाली:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचं जुनं घर आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर. गेल्या दिवाळीपासून मागच्या पडवीच्या तीन खोल्या नीट करून पाहुण्यांना देतोय. जेवण आई आणि काकी करतात, सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, दुपारी मासे थाळी, रात्री पाहुणे सांगतील तसं. बाहेरचा एकही माणूस जेवायला येत नाही, जे राहायला असतात तेवढेच. ह्याशिवाय मे महिन्यात काकी कोकम आगळ काढते आणि जाताना लोक दोन-चार बाटल्या मागून घेऊन जातात.

आता एका बुकिंगवाल्याने फोन करून सांगितलं की चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नंबर टाका नाहीतर जेवणाचा ऑप्शन बंद करतो. मी म्हटलं अहो आमचं हॉटेल नाही, घर आहे, निवास-न्याहारीची नोंदणी पण केलीये. तो म्हणे ते वेगळं हे वेगळं. वाडीत विचारलं तर पाच जणांनी सहा उत्तरं दिली, एक म्हणतो घरगुतीला माफ, एक म्हणतो दोन हजार भरून लायसन काढ, एक म्हणतो आधी पाणी तपासून आण. प्रश्न एवढाच आहे की कायद्यात आम्ही नक्की कोण? हॉटेल, खानावळ, होमस्टे की नुसतं घर? ज्याने खरोखर वाचलंय त्याने सांगा, ऐकीव नको.

सुरमई_फ्राय:
रे बाबा, आमच्याकडे आठ वर्सा पावणे येतत, कोण इचारूक येवक नाय. कशाक उगाच अंगावर घेतस. जेवक घाल, पैसे घे, गप रव.

फॉर्मभरू:
सुरमई, तुझा सल्ला झकास आहे, फक्त ज्या दिवशी कोणाच्या पोटात दुखेल त्या दिवशी तो चालणार नाही.

माडाखाली, मी चिपळूणला सेवा केंद्र चालवतो, हे फॉर्म महिन्याला पाच-सहा तरी भरतो, म्हणून जरा लांब लिहितो, सहन कर. तू चुकीच्या टोकाने विचार करतोयस. हॉटेल आहे का घर आहे हा प्रश्नच कायदा विचारत नाही. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा काढ आणि कलम ३ वाच, सगळ्या व्याख्या तिथे आहेत. त्यात अन्न व्यवसाय म्हणजे काय ते दिलंय, आणि तिथे इमारतीबद्दल काही नाही, कामाबद्दल आहे: अन्न बनवणं, प्रक्रिया करणं, पॅक करणं, साठवणं, नेणं, वाटणं, आयात करणं, विकणं, शिवाय खाद्यसेवा आणि केटरिंग. आणि वर स्पष्ट लिहिलंय की नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खाजगी. म्हणजे आईचा घावणा पाहुण्याच्या ताटात पडला आणि त्याचे पैसे बिलात लागले की तो अन्न व्यवसाय. चूल तीच, आई तीच, तोच घावणा तुझ्या ताटात पडला तर नाही. आता हा व्यवसाय ज्याच्या मालकीचा किंवा जो चालवतो, आणि कायदा पाळला जातोय की नाही ह्याला जो जबाबदार, तो अन्न व्यवसाय चालक. म्हणजे तू, किंवा ज्याच्या नावाने अर्ज जाईल तो, म्हणून आईच्या नावावर टाकायच्या आधी तिला नीट समजावून सांग, नुसती सही घेऊ नकोस.

मग घरगुतीला माफ हे कुठून आलं? कलम ३१ मधून. पहिल्या पोटकलमात म्हटलंय लायसनशिवाय अन्न व्यवसाय करायचा नाही, आणि दुसऱ्यात म्हटलंय की जो छोटा उत्पादक स्वतः पदार्थ बनवतो किंवा विकतो, छोटा दुकानदार, फेरीवाला, तात्पुरता स्टॉलवाला, कुटीर उद्योग वगैरे, त्यांना लायसन नको पण नोंदणी हवी. लोक अर्धं वाक्य ऐकतात, लायसन नको एवढं, आणि पुढचं नोंदणी हवी हे वाडीपर्यंत पोचत नाही.

छोटा म्हणजे किती हे २०११ च्या लायसन आणि नोंदणी नियमावलीत आहे. तिथे मुळात १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल आणि/किंवा दिवसाला १०० किलो किंवा लिटरपर्यंत उत्पादन अशी मर्यादा होती (दूध आणि मांसाचं माप वेगळं). हे आणि/किंवा कोणी लिहिलं त्याला एकदा आमच्या केंद्रात आणून बसवा, अर्ज भरायला आलेला प्रत्येक जण मला विचारतो की आणि का किंवा! मी साधं बघतो, दोन्हीत बसत असशील तर डोकं खाजवायचं कारण नाही, आणि तीन खोल्यांवर तू आरामात बसतोस. आकडे मध्ये मध्ये बदलतात म्हणून फॉर्म भरायच्या दिवशी फॉस्कॉस पोर्टलवर (एफएसएसएआयची अर्ज भरायची वेबसाइट) जी मर्यादा आणि फी दिसेल ती धर. मर्यादा उलाढालीची आहे हां, नफ्याची नव्हे. खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे एकाच पावतीत लिहीत असशील तर आजपासून वेगळे लिही, उद्या कोणी विचारलं तर जेवणाची उलाढाल किती हे तुला दाखवता आलं पाहिजे.

तर नोंदणी, फॉर्म ए, फोटो, ओळखपत्र, मूळ फी वर्षाला १०० रुपये. दोन हजार वाला सल्ला राज्य लायसनचा, तो मोठ्यांसाठी. नियमावलीत असंही आहे की अर्ज दिल्यावर सात दिवसांत त्यांनी नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीला येतो म्हणून कळवायचं, आणि सात दिवसांत काहीच कळवलं नाही, किंवा तपासणी ठरूनही तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर छोट्या व्यावसायिकाने काम सुरू करायला हरकत नाही. पोचपावती मात्र जपून ठेव.

माडाखाली:
फॉर्मभरू दादा, देवासारखे भेटलात. दोन शंका. एक, निवास-न्याहारीच्या नावातच न्याहारी आहे मग त्यात हे येत कसं नाही? दोन, गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतल्या पूजेला काकीने चाळीस पानांची ऑर्डर घेतली होती, आमच्याच चुलीवर, ते पण ह्याच नोंदणीत चालेल ना?

फॉर्मभरू:
निवास-न्याहारी ही पर्यटनाची योजना, खोल्या, मालक तिथे राहतो का, स्वच्छतागृह, असलं बघते. नावात न्याहारी असली म्हणून अन्नाच्या कायद्यातली व्याख्या तुला सोडत नाही. प्रत्येक कायदा आपली व्याख्या आपल्या कामापुरती करतो. त्यात परत जीएसटीला सेवांची २० लाखांची मर्यादा निराळी, दुकाने व आस्थापना २०१७ च्या कायद्यात किती माणसं कामाला आहेत हे माप निराळं. एका कायद्यातला छोटा दुसऱ्यात मोठा असू शकतो.

चाळीस पानांचं मात्र जपून. छोट्याच्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारा आहे, पण लगेच पुढे म्हटलंय केटरर सोडून. एकदा कधी शेजारधर्म म्हणून केलं तर त्यावर कोणी वाद घालणार नाही, पण काकीने पाटी लावली, जेवणाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील, तर ती केटरर झाली आणि तिला लायसन, दोन हजारवालं.

हर्णैकर_पोर:
मध्येच घुसतोय पण मग आमचं काय. बाबांची होडी आहे, हर्णैला संध्याकाळी लिलावात मासळी देतात, उरलेली आई घरोघर विकते. आम्हाला पण नोंदणी?

फॉर्मभरू:
हा प्रश्न मला लय आवडतो कारण ह्याचं उत्तर ऐकून लोक मला येडा समजतात. व्याख्येप्रमाणे तुझ्या बाबांच्या हातातला बांगडा अन्न नाहीच!

थट्टा नाही करत. अन्नाच्या व्याख्येत प्राथमिक अन्न येतं, आणि प्राथमिक अन्न म्हणजे शेती, बागायत, पशुपालन, मत्स्यशेतीतला माल नैसर्गिक रूपात, पिकवलेला, तोडलेला, गोळा केलेला, पकडलेला, पण शेतकरी किंवा मच्छीमार सोडून दुसऱ्याच्या हातात असलेला. दुसऱ्याच्या हातात, हे शब्द महत्त्वाचे. आणि कलम १८ मध्ये परत सांगितलंय की मच्छीमाराला त्याच्या मासेमारीच्या कामात हा कायदा लागू नाही. म्हणजे बांगडा टोपलीत आहे तोवर नुसता बांगडा, लिलावात व्यापाऱ्याने उचलला की त्याच क्षणी अन्न. मासा तोच, हात बदलला. आंब्याचं पण तसंच, बागायतदाराच्या झाडावर आणि त्याच्या अढीत हापूस मोकळा, दलालाकडे गेला की कायद्यात. पण आईने उद्या मासळी तळून बंदरावर स्टॉल टाकला तर नैसर्गिक रूप गेलं, तिथे फॉर्म ए.

हर्णैकर_पोर:
आणि सुकवली तर? सुकट, बोंबील?

फॉर्मभरू:
सुकवणं आलं की नैसर्गिक रूपावर वाद सुरू होतो. शंभर रुपयांसाठी वाद घालण्यापेक्षा सुकी मासळी विकत असाल तर नोंदणी करून टाका.

तिकडचा_कोकणी:
मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या न्यूयॉर्क राज्यात एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहे. वाचून गंमत वाटली कारण इथे पण सगळं व्याख्येवरच चालतं. इथल्या राज्याच्या नियमात फूड सर्व्हिस एस्टॅब्लिशमेंट म्हणजे जिथे एकेकाला वाढायच्या हिशोबाने अन्न तयार होतं ती जागा, मग खाणारा तिथेच खावो नाहीतर घेऊन जावो, आणि पैसे घेतलेत की नाही ह्याने काही फरक पडत नाही. तुमच्या नफा असो वा नसो चा सख्खा भाऊ. घरच्या माणसांपुरतं घरात शिजवलं तर ते बाहेर.

पण माडाखालीसारख्यांसाठी मजेशीर गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत केंद्राचं एफडीए (अन्न-औषध खातं) फूड कोड नावाचा एक नमुना छापतं, पहिला १९९३ चा, २०२२ ची आवृत्ती पण आली, आणि प्रत्येक राज्य त्यातलं हवं तेवढं घेऊन आपला नियम करतं. त्या नमुन्यात अन्न आस्थापना कशाला म्हणायचं *नाही* ह्याची पण यादी आहे आणि त्यात चक्क होमस्टे आहे: मालक त्याच घरात राहतो, पाहुण्यांच्या खोल्या सहापेक्षा जास्त नाहीत, जेवण फक्त न्याहारी, एका वेळचे पाहुणे अठरापेक्षा जास्त नाहीत, आणि जाहिरातीत व घरात पाटी लावून सांगितलंय की ह्या स्वयंपाकघराची सरकारी तपासणी होत नाही. एवढं सगळं जुळलं तर ते घर, आस्थापना नाही. तुमच्या काकीची सुरमई थाळी आली की दुपारच्या जेवणामुळे सूट गेली! शेवटची अट मला पटते, लपवायचं नाही, पाहुण्याला कळू दे आणि त्याने ठरवू दे.

अजून एक, तात्पुरतं ह्या शब्दाला पण तिथे माप आहे, एकाच कार्यक्रमासाठी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे गणपतीतला तात्पुरता वडापाव स्टॉल शिमग्यापर्यंत तिथेच असतो. आणि नासणाऱ्या अन्नाची व्याख्या वाचलीत तर हसाल, मासे-मटण तर आहेच पण शिजवलेला भात, कापलेलं कलिंगड, कापलेला टोमॅटो सुद्धा. ५ ते ५७ डिग्रीच्या मध्ये हे पडून ठेवायचं नाही. माझ्या आजीचा सकाळचा पेजेचा भात संध्याकाळपर्यंत चुलीजवळ असायचा, इथल्या इन्स्पेक्टरने बघितला असता तर तिथेच बसला असता.

सुरमई_फ्राय:
आणि आज्येन त्या इन्स्पेक्टराक पेज वाढली असती.

माडाखाली:
काल रात्री फॉस्कॉसवर बसलो. फॉर्मभरू दादा, धंद्याचा प्रकार निवडा म्हणून मोठी यादी येते, त्यात होमस्टे असा शब्दच दिसत नाही. रेस्टॉरंट आहे, केटरर आहे, घरगुती कँटीन-डबेवाले आहे. कुठलं टिचकवू? आणि आगळाच्या बाटल्या त्यातच धरायच्या का?

फॉर्मभरू:
बाहेरचा कोणी जेवायला येत नाही ना, मग घरगुती कँटीनवाला निवड. आगळ जेवणात वाढता तोवर जेवणाचा भाग, पण बाटलीत भरून विकता म्हणजे उत्पादन, तो प्रकार त्याच अर्जात वेगळा जोड, जागा एकच आहे. आणि बाटलीला लेबल लागेल, नाव, घटक, वजन, कधी भरलं, कोणी भरलं, शाकाहारीची हिरवी खूण, नोंदणी नंबर. लेबल नाही किंवा खोटं असलं तर आतला माल कितीही चांगला असो, त्याची व्याख्या वेगळी आहे आणि दंड पण. नंबर आला की दोनने सुरू होईल, नोंदणीचा दोनने होतो, लायसनचा एकने. बुकिंगवाला लायसनच पाहिजे म्हणून अडला तर हे त्याला सांग. सर्टिफिकेट जेवणाच्या जागेत दिसेल असं लाव, कपाटात देवाच्या फोटोमागे नको, आमच्याकडे निम्मे लोक तिथेच ठेवतात.

माडाखाली:
काकीला लेबलाचं सांगितलं. ती म्हणते घटक काय लिहायचे, कोकम नि मीठ, दोन शब्दांसाठी एवढा कागद कशाला चिकटवायचा. अर्ज आज टाकलाय, आईच्या नावाने, समजावून सांगितलं आणि मगच सही घेतली. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आता तुला जेवायला वाढलं तर ते पण त्यात लिहायचं का.