बाळाची झोप आणि आपली जाग: तुमचं रात्री तीन वाजता काय झालं?

लेक अडीच महिन्यांची आहे. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते, त्याने ती जागी होते आणि मग घरात कोणीच झोपत नाही. नियम पाठ आहेत. उताणं निजवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, तिच्या स्वतःच्या पाळण्यात पण आमच्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने. आत उशी, पांघरूण, मऊ खेळणी काही नको. दिवसा हे सगळं जमतं. रात्री कसं जमवलंत ते लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा, कोणी कोणाला बोलणार नाही.

*

बोलणार नाही म्हणालात म्हणून सांगतो. बायकोला दोन तास झोप मिळावी म्हणून मी मुलाला छातीवर घेऊन सोफ्यावर बसलो. जाग आली तेव्हा तो माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत घसरला होता. नाक उघडं होतं, एवढंच. डॉक्टरांना सांगितल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, बाळाला घेऊन डोळा लागायला सोफा आणि आरामखुर्ची या सगळ्यात वाईट जागा. पेंग येतेय असं वाटलं तर त्यापेक्षा उशा-पांघरुणं काढलेला पलंग बरा, आणि जाग येताच बाळ पाळण्यात. त्या रात्रीपासून आम्ही झोपायच्या आधीच पलंगाची एक बाजू मोकळी करून ठेवायचो. तीन वाजता डोकं चालत नाही, हे गृहीत धरूनच. (घरात सिगारेट ओढणारं कोणी असेल, किंवा बाळ फार लहान, अपुऱ्या दिवसांचं असेल, तर हा पर्यायही नको.)

*

मी आजी. माझी दोन्ही मुलं पालथी झोपली, तेव्हा डॉक्टरच तसं सांगायचे. सुनेनं नातवाला उताणं ठेवलं तेव्हा मी भांडले, दूध ओकला तर घशात नाही का जाणार? बालरोगतज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच राहतं. पालथं केलं की उलटं होतं. ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली उताणं निजवण्याची मोहीम निघाली, त्यानंतर तिकडे झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हेही त्यांनीच सांगितलं. माझी मुलं सुखरूप वाढली. पण म्हणून माझी पद्धत बरोबर होती, असं मी आता म्हणत नाही. सूनबाईला तसं सांगायला मात्र मला चार दिवस लागले.

*

आमचा बत्तिसाव्या आठवड्यात झाला. अतिदक्षता विभागात त्याला पालथं ठेवायचे, पण तिथे चोवीस तास मॉनिटर होता. घरी सोडायच्या आधी परिचारिकांनी त्याला उताणं झोपायची सवय लावली. तरी घरी पहिले दहा दिवस नुसती रडारड. पुढे डोकं मागून चपटं दिसायला लागलं, त्याचं वेगळं टेन्शन. तो जागा असताना समोर बसून थोडा थोडा वेळ पोटावर ठेवायचं आणि पाळण्यात डोक्याची बाजू रोज बदलायची, एवढंच केलं. वर्षापर्यंत बरंच भरून आलं.

*

गुंडाळण्याबद्दल. साडेतीन महिन्यांची असताना आमची गुंडाळलेल्या अवस्थेत कुशीवर वळली. त्याच रात्री गुंडाळणं बंद केलं. हात मोकळे राहतील अशी झोपेची पिशवी आणली. चार रात्री भयानक गेल्या.

*

कारच्या सीटमध्ये झोपलेल्याला उठवायचं जिवावर येतं, मान्य. पण तिरक्या सीटमध्ये हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. प्रवासात ती सीट हवीच. घरी पोचलं की मात्र उचलून पाळण्यात. उठला तर उठला.

*

माझा साडेपाच महिन्यांचा उताणा ठेवला की पालथा होतो. रात्रभर उलटवत बसू का?

*

दोन्हीकडून आपला आपण सहज वळत असेल तर नाही. निजवताना उताणं ठेवायचं, पुढे तो वळला तर वळू द्यायचं. गादीवर दुसरं काही नसलं म्हणजे झालं.

*

धागा काढणारी परत आले. सोफ्यावरचं वाचून नवऱ्यानं रात्रीच्या दुधासाठी बसायची जागाच बदलली, आणि पलंगावरच्या जादा उशा कपाटात गेल्या. आत्ता लेक झोपली आहे. नाकाशी बोट धरायला गेले नाही. म्हणजे, एकदाच गेले.