साताऱ्याच्या घाटात क्लबच्या घोळक्याबरोबर राहावे, की आपापल्या श्वासाने धावावे?

हरिपूर_रस्ता यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगलीत राहते, वय ४३, शाळेत शिक्षिका आहे. गेले दीड वर्ष आमच्या भागातील धावणाऱ्यांच्या क्लबबरोबर आठवड्यातून चार दिवस धावते. हा क्लब नसता, तर मी पहिल्या महिन्यातच धावणे सोडले असते, हे आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तक्रार म्हणून वाचला जाऊ नये. यंदा आम्ही १४ जण सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जाणार आहोत. सपाट रस्त्यावर मी २१ किलोमीटर अंतर २ तास २८ मिनिटांत पूर्ण केले आहे. घाटातली शर्यत मात्र माझी ही पहिलीच.

क्लबने असे ठरवले आहे की, सर्वांनी एकसारख्या जर्सीत, एकाच घोळक्याने, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत बरोबर धावायचे आणि २ तास ४० मिनिटांत एकत्र रेषा ओलांडायची. कल्पना मला मनापासून आवडली होती. पण गेल्या महिन्यात दंडोबाच्या डोंगरावर आम्ही तिची रंगीत तालीम केली, तेव्हा दुसऱ्याच वळणावर माझा श्वास फुलला. मागे पडायचे नाही, म्हणून मी तशीच ओढत राहिले आणि वर पोहोचेपर्यंत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. उतरताना गुडघे लटपटत होते आणि पुढचे दोन दिवस शाळेचा जिना मला कठडा धरून, तिरके होऊन उतरावा लागला.

मी घोळका सोडला तर तो क्लबचा अवमान ठरेल का? सपाट सांगलीत उताराचा सराव कसा करावा? आणि एक छोटी शंका आहे: मागच्या शर्यतीत माझ्या घड्याळाने २१.४ किलोमीटर दाखवले, तर मार्ग खरोखरच लांब होता का?

कृष्णाकाठ यांचे उत्तर

ताई, मी कराडचा. ही शर्यत २०१२ मध्ये सुरू झाली आणि मी तिच्यात पाच वेळा धावलो आहे. साताऱ्यातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला चढायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असा मार्ग आहे. शहरातून बाहेर पडताना ढोल-ताशे असतात, दुतर्फा लोक टाळ्या वाजवत असतात, अंगात उत्साह असतो, आणि नेमका तिथेच बहुतेकांचा घाट बिघडतो, कारण पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्ये घाईने उधळलेला दम वर गेल्यावर परत मिळत नाही.

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: चढावर चौदा जणांचा एक घोळका टिकत नाही आणि टिकवूही नये. सपाट रस्त्यावर वेगातला फरक थोडी ओढाताण करून झाकता येतो, पण चढावर प्रत्येक पावलाला स्वतःचे वजन वर उचलावे लागते. त्यामुळे तोच वेग एकाला गप्पा मारण्याइतका सोपा असतो आणि दुसऱ्याला धाप लावणारा. घाटात घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, पाहूच नका. चार-पाच शब्दांचे वाक्य न तुटता बोलता येत असेल, तर आपण ठीक आहात. एकेक शब्द सुटा पडू लागला, की चालायला लागा. वळणावरच्या तीव्र तुकड्यात भरभर चालणारा माणूस कुथत धावणाऱ्यापेक्षा फारसा मागे राहत नाही, आणि वर पोहोचल्यावर त्याच्या पायांत जीव शिल्लक असतो. मी स्वतः चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे असे करतो, तेही अगदी सुरुवातीपासून, थकल्यावर नव्हे.

अवमानाचे म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स शर्यतीचे उदाहरण क्लबपुढे ठेवा. १९२१ पासूनची ही सुमारे ९० किलोमीटरची, दरबान आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांच्या दरम्यानची शर्यत बारा तासांत संपवावी लागते. तिथे एका ठरलेल्या वेळेसाठी धावणाऱ्या घोळक्याला ‘बस’ म्हणतात आणि पुढे राहून ठरलेला वेग राखणाऱ्या पेसरला ‘ड्रायव्हर’. ज्याला जी वेळ झेपते त्या बसमध्ये तो चढतो, न झेपल्यास उतरतो आणि मागून येणारी बस धरतो. आपल्या चौदा जणांच्या तीन बस करा. जाण्या-येण्याचा रस्ता एकच असल्यामुळे पुढचे परतताना मागच्यांना समोरासमोर भेटतातच. पावसाळी धुक्यातून आपल्या जर्सीचा रंग अचानक समोर उमटतो आणि पलीकडून कोणीतरी आपल्या नावाने हाक मारते, त्या हाकेने मला दरवेळी पुढचे दोन किलोमीटर नेले आहे.

गुडघा_आणि_मांडी यांचे उत्तर

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः धावते. कृष्णाकाठ यांच्याशी मी सहमत आहे, फक्त त्यांनी उताराला हातच लावलेला नाही आणि ताईंचे खरे दुखणे तिथे आहे. चढावर दम लागतो, पण पाय उतारावर मोडतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलून ब्रेकचे काम करत असतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिचे दुखणे लगेच न जाणवता एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त होते. आपल्या जिन्याची गोष्ट त्याचे अचूक उदाहरण आहे.

आनंदाची बाब अशी की, हा स्नायू लवकर शिकतो. उताराचा एक बेताचा सराव झाला, तरी पुढचे काही आठवडे तशाच उताराने होणारी इजा बरीच कमी होते. त्यामुळे रोज डोंगर गाठण्याची गरज नाही. दहा-बारा दिवसांतून एकदा दंडोबाला जा, वर चालत जा आणि फक्त उतार धावा. पहिल्या वेळी एकच फेरी, पुढच्या वेळी दोन. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र हा सराव बंद ठेवा. घरी जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरा पाय तीन सेकंद मोजत सावकाश खालच्या पायरीवर टेकवा, प्रत्येक पायाने दहा वेळा. धावताना पाऊल आखूड आणि झपझप पडू द्या, ते शरीराच्या फार पुढे टाकून टाचेने थांबवू नका आणि मागे रेलू नका. ओल्या घाटरस्त्यावर पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर पाय देणे टाळावे, तिथे बूट घसरतो.

पोटऱ्यांतील गोळ्यांसाठी केवळ मिठाच्या कमतरतेला दोष देऊ नये. आपल्या वर्णनावरून तरी झेपण्यापलीकडच्या वेगाने चढणे हेच कारण दिसते. मात्र दोन आठवड्यांनंतरही गुडघा दुखत असेल, तर तो प्रत्यक्ष दाखवून घ्या, लेखी सल्ल्यावर थांबू नका.

पाण्याचे_टेबल यांचे उत्तर

मी अनेक शर्यतींत स्वयंसेवक म्हणून पाणी वाटले आहे, म्हणून एवढेच सांगतो: प्रत्येक टेबलावर प्यायलाच हवे असे नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले आणि त्याचा संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी होता. थंड, पावसाळी हवेत तहान लागेल तेव्हा दोन-चार घोट पुरतात.

घड्याळाबद्दल. प्रमाणित मार्ग अचूक जुळवलेल्या सायकलीने, प्रत्येक वळणाची सर्वांत जवळची कड धरून मोजतात आणि तो कमी भरू नये, म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वाढवतात. अर्ध मॅरेथॉनमध्ये ती वाढ जेमतेम २१ मीटर होते. बाकीचे अंतर आपण वळणे बाहेरून घेण्यात आणि माणसांना वळसे घालण्यात धावतो, शिवाय उपग्रहावरून मोजणाऱ्या घड्याळाची चूकही त्यात येते. ०.४ किलोमीटरचा फरक त्यामुळे अगदी नेहमीचा आहे.

एक न विचारलेली गोष्ट. क्लबमधील कोणी आजारी पडले, तर त्याचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नोंदणी क्रमांक, दुसऱ्याला देऊ नका. आमच्याकडे असे एकदा झाले. धावणारा चक्कर येऊन पडला आणि बिबवरील नोंदीप्रमाणे दूरध्वनी गेला तो घरी झोपलेल्या मूळ माणसाच्या पत्नीला. डॉक्टरांच्या हाती रक्तगटही त्याचाच होता. धावणारा वाचला, पण त्या अर्ध्या तासात दोन घरांनी जे सोसले ते मी विसरलेलो नाही.

हरिपूर_रस्ता यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. ही उत्तरे मी रविवारी धावणे झाल्यावर क्लबमध्ये वाचून दाखवली. आमच्या प्रशिक्षक सरांनी थोडा वेळ विचार केला आणि तीन बस मान्य केल्या. मग माझ्याशिवाय आणखी चौघांनी सांगितले की, दंडोबावर त्यांचीही तीच अवस्था झाली होती, पण बोलायचे धाडस झाले नव्हते. आता शेवटच्या बसमध्ये आम्ही पाच जण आहोत आणि आमची वेळ ३ तास ५ मिनिटे ठरली आहे. जे आधी पोहोचतील ते अंतिम रेषेच्या पलीकडे आमची वाट पाहतील आणि छायाचित्र तेव्हाच काढले जाईल.

काल दंडोबाला चालत चढून एकदाच धावत उतरले. आखूड पावले टाकताना सुरुवातीला फार हळू जात असल्यासारखे वाटले, पण खाली आल्यावर गुडघे लटपटले नाहीत. आज शाळेत कठडा धरावा लागला नाही. उद्या आणि परवा काय होते ते पाहून इथेच कळवीन.

बिबचा प्रश्न आमच्याकडे खरोखरच निघाला. एका काकांचा घोटा मुरगळला आहे आणि त्यांचा भाचा त्यांच्या नावावर धावायला तयार होता. सरांनी नकार दिला. काका नाराज झाले, पण गाडीत त्यांची जागा तशीच ठेवली आहे. ते आमच्याबरोबर साताऱ्याला येतील आणि घाट सुरू होतो तिथे छत्री घेऊन उभे राहतील.