व्यायाम करा, पण सीपॅप बंद करू नका
अनुलोम-विलोमने स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा त्रास, जातो म्हणून तुम्ही सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) बंद करायचं म्हणताय, प्लीज तसं करू नका. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाटच बंद होते, मग फुप्फुसं कितीही दणकट असली तरी हवा आत जाणार कुठून? प्राणायामाने मन शांत होतं ते खरंय, पण अडचण घशात आहे ना. घशाच्या आणि जिभेच्या व्यायामांचा मात्र खरंच उपयोग दिसलाय, ब्राझीलमध्ये २००९ च्या एका अभ्यासात मध्यम त्रास असलेल्या पेशंट्सना तीन महिने रोज जीभ टाळूला दाबणं, गाल आत ओढणं, स्वर म्हणणं असलं करायला लावलं तर एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडतो तो आकडा, साधारण २२ वरून १४ वर आला. चांगलंच आहे, पण नॉर्मल ५ च्या खाली असतो. तुमचा किती आलाय? ३० च्या वर असेल तर तो गंभीर धरतात. व्यायाम दिवसा करा, रात्री मशीन लावाच, काही महिन्यांनी डॉक्टरांना विचारून परत स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करा. आणि मास्कचा त्रास होत असेल तर फक्त नाकाचे छोटे मास्क पण मिळतात.